हातपाय चालतात, मग आंघोळ का अडते?

पत्राचा सारांश (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): सांगली जिल्ह्यातील एका लहान गावातून ५४ वर्षांच्या एका भगिनीने लिहिले आहे. त्यांचे यजमान ६० वर्षांचे असून गावात त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. दहा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडला आणि डावा हात-पाय लुळा पडला. नियमित फिजिओथेरपीने ते आता काठीशिवाय चालतात, डाव्या हाताने तांब्याही उचलतात. रुग्णालयाच्या कागदावर रोजच्या कामांचे १०० पैकी ९० गुण आणि एमएमएसई या स्मरण-बुद्धीच्या छोट्या चाचणीत ३० पैकी २७ गुण लिहिलेले आहेत. दुकानाचे जुने हिशेब त्यांना तोंडपाठ आहेत. असे असूनही आंघोळीला गेले की अर्धा तास नुसते बसून राहतात आणि अर्ध्या अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर येतात. शर्टाची डावी बाही लोंबत असते, डाव्या गालावर दाढी तशीच असते. ज्या दाण्याच्या चटणीवाचून त्यांचे जेवण होत नसे, तिला ते आता हातही लावत नाहीत. ‘चवच गेली असावी’, असे ताई लिहितात. वर्तमानपत्र बंद झाले आहे. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून ते स्कूटरची किल्ली मागतात. नणंद म्हणते, ‘तूच लाडावून ठेवलंयस.’ मुलगा म्हणतो, ‘दुकानात बसवा, आपोआप येईल सगळं.’ त्याने वडिलांच्या मोबाईलवर बुद्धीचे खेळही घालून दिले आहेत. ताई दिवसा त्यांच्यावर ओरडतात आणि रात्री त्याबद्दल रडतात. त्यांचे प्रश्न तीन आहेत: हे मुद्दाम करतात का? सगळे मी करून द्यावे की त्यांच्यावर सोडून द्यावे? आणि दहा महिने होऊन गेले, म्हणजे सुधारणा आता थांबली का?

ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिसऱ्या वेळी दाण्याच्या चटणीपाशी थांबले. ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात आहे. आपल्याकडे ताट वाढण्याची रीत ठरलेली असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे. आता जेवण झाल्यावर यजमानांच्या ताटात काय उरलेले असते, ते आठवून पाहा. मग शर्टाची कोणती बाही लोंबते आणि दाढी कोणत्या गालावर राहते, ते पाहा. वर्तमानपत्राची प्रत्येक ओळ डावीकडून सुरू होते. जो माणूस ओळीच्या मधूनच वाचायला लागतो, त्याला बातमीचा अर्थ कसा लागावा? त्याने कंटाळून पेपर बाजूला ठेवला, तर त्याला वाचनाची आवड उरली नाही असे म्हणता येणार नाही.

उद्या दुपारी एकच गोष्ट करा. काही न बोलता चटणी उजवीकडे, भाजीच्या शेजारी वाढा. त्यांनी ती खाल्ली, तर त्यांची चव जागच्या जागी आहे आणि ताटाची डावी बाजूच त्यांच्या जाणिवेत येत नाही, असे समजायला भक्कम आधार मिळेल. निदान अर्थात डॉक्टरांनीच करायचे आहे, परंतु त्यांच्यापुढे ठेवायला हे निरीक्षण फार मोलाचे आहे.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर बऱ्याच रुग्णांत असे घडते. वैद्यकात याला ‘नेग्लेक्ट’ म्हणतात आणि मराठीत ‘एकांगी दुर्लक्ष’ असे भाषांतर केले जाते. मला स्वतःला हा मराठी शब्द खटकतो, कारण आपल्या भाषेत दुर्लक्ष म्हटले की त्यात हेतू येतो. माणूस पाहतो, त्याला समजते आणि तरी तो तिकडे लक्ष देत नाही, असा त्याचा अर्थ होतो. इथे तसे नसते. डोळा पाहत असतो, पण जे दिसले त्यातला डावा भाग लक्षापर्यंत पोहोचतच नाही. १९७८ साली इटलीतील मिलान शहरात बिझियाक आणि लुझात्ती या संशोधकांनी अशाच दोन रुग्णांना त्यांच्या ओळखीचा, कॅथेड्रलसमोरचा मोठा चौक मनात आणायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा, म्हटल्यावर रुग्णांनी मुख्यतः उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून चौकाकडे पाहत आहात अशी कल्पना करा, म्हटल्यावर त्यांनी आधी गाळलेल्या, म्हणजे आता उजवीकडे आलेल्या इमारती सांगितल्या, आणि आधी सांगितलेल्या गाळल्या. चौक त्यांना पुरता आठवत होता. मनातल्या चित्रातसुद्धा त्यांचे लक्ष डावीकडे वळत नव्हते.

म्हणून ‘मुद्दाम करतात का’ या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘मला काही झालेलं नाही’ हे त्यांचे म्हणणेही हट्टातून आलेले नसावे. उजव्या भागाच्या आघातात अनेकदा स्वतःच्या उणिवेची जाणीवच उणावते, कारण जी बाजू जाणिवेत नाही, ती हरवल्याचे माणसाला कळणार तरी कसे? तुम्ही ओरडता तेव्हा त्यांच्या दृष्टीने एक धडधाकट माणूस विनाकारण बोलणी खात असतो. हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ही गोष्ट घरच्यांना, यजमानांना रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी, कोणीतरी बसून समजावून सांगायला हवी होती, आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही.

आता त्या कागदावरच्या गुणांबद्दल बोलू, कारण तुमचा आणि घरच्यांचा निम्मा गोंधळ त्यातूनच झाला आहे. रोजच्या कामांची ती मोजपट्टी बहुधा बार्थेल निर्देशांक ही असावी. १९६५ सालापासून ती वापरात आहे आणि तिच्यात दहा गोष्टी मोजतात. त्यात चालण्याला १५ गुण आहेत, खाटेवरून खुर्चीत बसण्या-उठण्याला १५ आहेत आणि आंघोळीला फक्त ५. कपडे घालायला निम्मी मदत लागली तर आणखी ५ जातात. म्हणजे तुमची रोजची सकाळ ज्या दोन गोष्टींत जाते, त्यांचे मिळून १० गुण कमी झाले आणि कागदावर ९० उरले. गोळ्या वेळेवर घेणे, पैशांचा व्यवहार, फोन, खरेदी, एकट्याने प्रवास यांविषयी ती मोजपट्टी काही विचारतच नाही. त्यासाठी १९६९ सालची लॉटन यांची वेगळी मोजपट्टी आहे. एमएमएसईची गतही तशीच आहे. ती १९७५ साली तयार झाली आणि तिचा भर तारीख-वार, शब्द लक्षात ठेवणे, हिशेब, बोलणे यांवर आहे. बहुतेक माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या भागाकडे असतो आणि तुमच्या यजमानांचा डावा भाग शाबूत आहे. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढणे, एवढ्यालाच तिथे १ गुण आहे. म्हणून २७ गुण मिळवणारा माणूस आंघोळीत अडकणे यात काही विसंगती नाही. त्याचे जे बिघडले आहे, ते त्या चाचणीने जवळजवळ मोजलेच नाही. लक्ष, नियोजन आणि जागेचे भान यांची तपासणी वेगळी असते. कागदभर विखुरलेल्या खुणांतून ठरावीक खुणा खोडायला सांगतात, आडव्या रेघेचा मध्य दाखवायला सांगतात, घड्याळ काढायला सांगतात. तशी तपासणी झाली नसेल, तर ती करून मागा.

घरात आपण एक गोष्ट गृहीत धरून चालतो: हात-पाय सुधारले की माणूस सुधारला. नणंदबाईंचे बोलणे तिथूनच आले आहे आणि मुलाचा उत्साहही तिथूनच. पण साधी आंघोळ घ्या. आता आंघोळ करायची आहे हे आपले आपण मनात यावे लागते. कपडे आणि पंचा घेऊन जायचे, पाणी विसणायचे, हाताने पाहायचे, कपडे उतरवायचे, अंग ओले करायचे, साबण लावायचा, कुठे लावला आणि कुठे राहिला याची मनात नोंद ठेवायची, साबण धुवायचा, झाले हे ओळखायचे, पुसायचे. यातल्या प्रत्येक पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना कोणीतरी आतून ‘आता हे’ असे सांगत असते. आपण पन्नास वर्षे आंघोळ करतो, त्यामुळे आतला तो आवाज आपल्या लक्षातही येत नाही. स्ट्रोकनंतर, म्हणजे अर्धांगवायूच्या झटक्यानंतर, हात-पाय परत येतात आणि हा आवाज मात्र येत नाही, असे घडू शकते. मग माणूस तांब्या हातात धरून स्टुलावर बसून राहतो आणि बाहेरून आपण म्हणतो, ‘अहो, झालं का?’

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की तीन दिवस सुधारायला जाऊ नका, फक्त पाहा. एक वही घ्या. आंघोळ, कपडे आणि जेवण ही तीनच कामे निवडा. ते कुठल्या पायरीवर थांबतात, ते लिहा. उठायलाच सांगावे लागते का? सुरुवात होते, पण मध्ये थांबते का? कोणी हाक मारली किंवा टीव्हीचा आवाज आला की धागा तुटतो का? फक्त डावी बाजू राहते का? की काम संपले हेच कळत नाही? त्या वेळी दार आतून लावू देऊ नका आणि पाण्याचा अंदाज तुम्ही घेऊन ठेवा. डाव्या हाताला चटका कळत नसण्याची शक्यता असते, म्हणून पाणी नेहमी उजव्या हाताने पाहायची सवय त्यांना लावा. या वहीमुळे तुमचा प्रश्न बदलेल. ‘हे आंघोळ का करत नाहीत’ याऐवजी ‘हे साबणानंतर का थांबतात’ असा प्रश्न तुमच्यापुढे येईल, आणि त्याला उत्तर शोधता येते.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. ‘सगळे मी करावे की त्यांच्यावर सोडावे’ असे दोनच रस्ते तुम्ही पुढे ठेवले आहेत. मला वाटते, दोन्ही सोडावेत आणि जिथे साखळी तुटते तेवढाच दुवा आपण धरावा. सगळे करून दिले, तर जे त्यांना येते तेही सुटते. सगळे सोडून दिले, तर रोज सकाळी अपयश पदरी येते आणि माणूस प्रयत्नच थांबवतो.

दुवा कसा धरायचा, ते शर्टावर दाखवते. शर्ट खाटेवर पसरून ठेवा आणि डाव्या बाहीच्या टोकाला जाड लाल दोऱ्याचे चार टाके घाला. नियम एकच: आधी लाल दोरा शोधायचा, डावा हात आधी घालायचा, मग उजवा. काढताना उलटे, म्हणजे उजवा आधी. पहिले काही दिवस शेवटचे बटण सोडून सगळे तुम्ही लावा आणि शेवटचे त्यांना लावू द्या. ते जमले की शेवटची दोन, मग तीन, असे करत मागून पुढे या. यात प्रत्येक दिवशी काम त्यांच्या हातून पुरे होते. मधे अडकले तर लगेच बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा, कारण मेंदूला पुढची पायरी शोधायला आता जास्त वेळ लागतो आणि आपण घाईने सांगितले की ती शोधण्याची संधीच जाते. तरी नाही जमले तर ‘आता काय राहिलं?’ एवढेच विचारा. त्यानेही नाही झाले तर बोटाने दाखवा, आणि अगदी शेवटी त्यांच्या हाताला हात लावा. आठवड्यागणिक या मदतीतली एकेक पायरी कमी होते का, ते वहीत दिसेल.

हीच लाल खूण ताटाला आणि पेपरलाही चालते. वर्तमानपत्राच्या रकान्याच्या डाव्या कडेला स्केचपेनने जाड लाल रेघ ओढा आणि प्रत्येक ओळीला ‘लाल रेघ दिसली का?’ हे आधी तुम्ही विचारा, पुढे त्यांचे त्यांना विचारू द्या. मान वळवून रेघ सापडली की वाचायला सुरुवात. पहिले दोन आठवडे मोठ्या मथळ्याची एकच बातमी पुरे. ताटाबाबत मात्र जपून. चटणी उजवीकडे वाढणे ही एक दिवसाची परीक्षा होती. रोज सगळे उजवीकडेच वाढत गेलात, तर जेवण पूर्ण होईल, पण डावीकडे शोधायची गरजच उरणार नाही. म्हणून आवडीची वस्तू डावीकडेच असू द्या आणि ती शोधायला लावा. पाण्याचा तांब्या, हाक मारायची घंटी, रात्रीचा दिवा अशा सुरक्षेच्या वस्तूंना हा नियम लावू नका. त्या उजव्या हाताशीच हव्यात.

गोळ्यांचे पाकीट आजच तपासा. डावीकडच्या गोळ्या तशाच राहिल्या आहेत का? रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चुकणे या घराला परवडणारे नाही. गोळ्या काही महिने तरी तुम्हीच हातात द्या.

एक काम दररोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच क्रमाने होऊ द्या. त्या वेळी टीव्ही बंद, रेडिओ बंद, एका वेळी एकच माणूस बोलणार आणि तेही छोट्या वाक्यात. अवघड काम सकाळी, ताजेपणा असताना ठेवा. स्ट्रोकनंतरचा थकवा झोपेने पुरता न जाणारा असतो आणि मेंदू थकला की जाणिवेतली डावी बाजू आधी निसटते. मुलाने दिलेल्या मोबाईलच्या खेळांबद्दलही तुम्ही लिहिले आहे. त्यात वाईट काही नाही, पण खेळाच्या सरावाने मुख्यतः तो खेळ सुधारतो. तिथली कमाई आपसूक आंघोळीत किंवा गल्ल्यावर उतरते, असे फारसे दिसलेले नाही. ज्या कामात अडते त्याच कामाचा, जिथे ते रोज होते त्याच जागी केलेला सराव अधिक उपयोगी पडतो. मुलाला त्याची तळमळ पेपरच्या लाल रेघेत लावू द्या.

दुकानाविषयी मुलाचे म्हणणे मी सरसकट खोडून काढणार नाही. दुकान ही त्यांची ओळख आहे आणि तिथे जाण्याची ओढ हे औषधच आहे. चूक आहे ती ‘आपोआप’ या शब्दात. गिऱ्हाईक मागते, काटा डावीकडे, डबे चहूकडे, उधारीची वही उघडी, तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक येते. किराणा दुकानाचा गल्ला म्हणजे लक्ष आणि नियोजनाची सर्वांत अवघड परीक्षा आहे. तिथे त्यांना एकदम बसवले, तर चारचौघांत चुका होतील आणि गावात चर्चा होईल, ती वेगळीच. त्याऐवजी दुपारी गिऱ्हाईक नसताना अर्धा तास न्या. साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुड्या बांधणे, एवढे एकच काम द्या. ते आठवडाभर नीट झाले की उधारीच्या वहीत लाल रेघ ओढून नावे मोठ्याने वाचायला सांगा. मग मुलगा शेजारी असताना एका गिऱ्हाइकाचा व्यवहार. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारा साउंड बॉक्स दुकानात असेल, तर तो त्यांच्या उपयोगाचा आहे, कारण आवाज ऐकायला नजर डावीकडे वळवावी लागत नाही. एकट्याने रोख रक्कम, बँकेचा व्यवहार आणि मोबाईलवरून पैसे पाठवणे सध्या नको.

स्कूटरबाबत मात्र मी ठाम आहे. ज्याला डावीकडून येणारी वस्तू जाणवत नाही, त्याने रस्त्यावर वाहन चालवू नये. त्यांच्या स्वतःच्या आणि समोरच्या पोराबाळांच्या जिवाचा हा प्रश्न आहे. डॉक्टरांनी नजरेची आणि लक्षाची तपासणी करून परवानगी देईपर्यंत किल्ली घराबाहेर, मुलाकडे राहू दे. ‘तुम्हाला जमत नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘डॉक्टरांच्या तपासणीनंतर’ हे उत्तर घरातल्या सगळ्यांनी एकसारखे द्यावे. एकाने नाही म्हणायचे आणि दुसऱ्याने अंगणात एक चक्कर मारू द्यायची, असे होऊ नये. गॅस आणि गीझर यांनाही तूर्तास हाच नियम लावा.

उणिवेची जाणीव बोलून पटवता येत नाही, म्हणून वाद घालू नका. ती त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावी लागते. जेवण झाले की विचारा, ‘ताट संपलं का?’ ते ‘हो’ म्हणतील. मग ताट हळूच अर्धे फिरवा, म्हणजे डावीकडचे उजवीकडे येईल. काही बोलू नका. पुढच्या वेळी आधी अंदाज विचारा: ‘आज काही राहील का?’ आणि मग दोघांनी मिळून पाहा. हे पाहुण्यांसमोर किंवा नणंदबाईंसमोर कधीही करू नका. चार लोकांत लाज वाटली की माणूस पुन्हा ‘मला काही झालेलं नाही’ या भिंतीमागे जातो.

नुसते बसून राहणे आणि उत्साह नसणे यामागे आणखीही कारणे असू शकतात, ती डॉक्टरांकडून तपासून घ्या. स्ट्रोकनंतर साधारण तीन रुग्णांपैकी एकाला नैराश्य येते आणि त्यावर उपचार आहेत. रडणे, भूक-झोप बिघडणे, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असे बोलणे ही त्याची चिन्हे. दुःखही नाही आणि इच्छाही नाही, नुसती निष्क्रियता आहे, असे असेल तर ती मेंदूच्या इजेतून आलेली उदासीनता असू शकते आणि तिच्यासाठी ठरलेल्या वेळी दुसऱ्याने सुरुवात करून देणे उपयोगी पडते. या दोहोंतला फरक घरी ठरवू नका. नजरेचा अर्धा भाग खरोखर गेला आहे का, ऐकू कमी येते का, रक्तातले सोडियम, बी-१२, थायरॉइड ठीक आहे का, एखाद्या गोळीने गुंगी येते का, झोपेत श्वास अडतो का, हेही विचारा. या सगळ्यांनी बुद्धी मंदावते आणि यांपैकी बरेच दुरुस्त होते. मात्र तोंड अचानक वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात-पाय पुन्हा लुळा पडणे किंवा एकाएकी गोंधळ उडणे असे काही झाले, तर वहीत लिहीत बसू नका. लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते.

तुमचा तिसरा प्रश्न राहिला. खोटा दिलासा मला द्यायचा नाही. स्ट्रोकनंतरची सर्वांत वेगवान सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, आणि त्यानंतरही टिकून राहिलेले नेग्लेक्ट पुष्कळदा काही प्रमाणात सोबत राहते. दहाव्या महिन्यात ते आपोआप निघून जाईल, असे मी म्हणणार नाही. पण मेंदूतली उणीव भरून येणे वेगळे आणि त्या उणिवेसह काम पुरे करायला शिकणे वेगळे. हे दुसरे शिकणे दहा महिन्यांनी, दोन वर्षांनीही होते. ज्याच्या जाणिवेत डावी बाजू परत आली नाही, पण ‘आधी लाल खूण शोधायची’ ही सवय पक्की झाली, तो माणूस आपली आंघोळ, आपले कपडे, आपले जेवण स्वतः करू शकतो. तुम्ही ज्याला सुधारणा म्हणता, ती बहुधा हीच आहे.

आणि हे एकट्या तुमच्या कष्टांवर सोपवण्याचे काम नाही. घरच्यांना थोडे प्रशिक्षण देऊन पुनर्वसन त्यांच्याकडेच द्यावे का, हे आपल्याच देशात १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर तपासले गेले. ‘अटेंड’ नावाचा तो अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण घरच्यांना प्रशिक्षण दिलेल्या आणि नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या, अशा दोन्ही गटांत ४७ टक्के, म्हणजे सारखेच होते. मी याचा अर्थ असा घेते, की कुटुंबाची माया लागते, पण जाणकाराची जागा ती भरून काढत नाही. तेव्हा ‘मी कुठे कमी पडले’ हा हिशेब तुम्ही बंद करा.

तुम्हाला हवा असलेला जाणकार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ. नावामुळे नोकरी-धंद्याशी संबंधित वाटते, पण रोजचे जगणे पुन्हा शिकवणे हेच त्यांचे काम असते. आपल्या राज्याला ही विद्या परकी नाही. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. आज मुंबईत केईएम, सायन आणि नायर या पालिका रुग्णालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण व उपचार चालतात, आणि हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था आहे. तुमच्या डॉक्टरांना आधी जवळपास कोणी आहे का, ते विचारा. नसेल, तर मुंबईची एक खेप करा, तपासणी करून घरी करायच्या कामांचा आराखडा लिहून घ्या आणि पुढचे मार्गदर्शन व्हिडिओ कॉलवर मिळेल का, ते तिथेच ठरवून या.

तुमच्या रात्रीच्या रडण्याबद्दल. आठवड्यातून दोन सकाळी आंघोळीची जबाबदारी मुलाने घ्यावी, असे त्याला स्पष्ट सांगा. तीन दिवसांची वही त्याच्या हातात दिलीत, तर त्यालाही कळेल की वडील नेमके कुठे अडतात. नणंदबाईंना समजावण्यात शक्ती घालवू नका. त्या येतील तेव्हा एक दिवस जेवायला वाढायला सांगा आणि ताटात काय उरले, ते पाहू द्या. मन फारच भरून आले, तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

तज्ज्ञाकडे जाताना सीटी किंवा एमआरआयचे अहवाल, सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि चष्मा बरोबर घ्या. यजमानांची संमती घेऊन जेवतानाचा आणि शर्ट घालतानाचा दोन-दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा. तपासणीच्या खोलीत ते नीट वागतील आणि तुम्हीच खोट्या पडाल, ही भीती तुम्ही पत्रात लिहिली नसली, तरी बहुतेक घरांतून ती ऐकू येते. व्हिडिओ आणि तुमची वही तज्ज्ञांपुढे ठेवा आणि सांगा: ‘आम्हाला आधी आंघोळ आणि शर्ट एवढंच हवंय. दुकानाचं नंतर बघू.’